चवीपुरते

आमच्याकडे पावसाची वर्दी आकाशाच्या आधी मिठाची बरणी देते. मे महिन्याच्या अखेरीस कधीतरी झाकण उघडावं, तर वरचे खडे ओले, चकाकणारे, एकमेकांना धरून बसलेले. जून लागला की बरणीच्या बाहेरच्या अंगालाही घाम. मग खाली बशी ठेवायची आणि बशीत साठलेलं पाणी वरणात ओतायचं. हे ओतायला मला सासूबाईंनी शिकवलं. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मी ते पाणी मोरीत टाकायला निघाले होते. त्यांनी हात धरला. म्हणाल्या, "मीठच आहे ते. फक्त उभं राहायचं विसरलंय."

पाकिटातलं बारीक, भुरभुरणारं मीठही घरात असतंच. पण वसईतल्या जुन्या घरांत जाड्या मिठाची बरणी अजून सुटलेली नाही. मासळीला चोळायला तेच लागतं, कैऱ्या खारात घालायला तेच लागतं, आणि घसा बसला की गुळण्यांनाही तेच. बारीक मिठाला ती धारच नाही असं आमचं ठाम मत आहे. त्याला कसलाही आधार नाही, पण मत ठाम आहे.

गंमत अशी की याच दिवसांत चर्चमध्येही मीठ निघतं. आमच्या उपासनेच्या पंचांगात सामान्य काळाच्या दहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं वाचन येतं. येशू म्हणतो, तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात, पण मिठाचा खारटपणाच गेला तर तो परत कशाने आणणार? मग ते बाहेर टाकून पायाखाली तुडवण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचं नाही. बहुतेक वर्षी हा मंगळवार जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पडतो. रोममध्ये वाचनांचा क्रम लावणाऱ्यांनी कोकणातल्या पावसाचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, हे ऐकून घरी यावं आणि चहा टाकताना बरणीखालची बशी भरलेली दिसावी, असं माझ्या बाबतीत किती वेळा तरी झालंय.

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी बरीच वर्षं शिकवलं. हाच उतारा चालू असताना आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, मीठ अळणी होईलच कसं? सोडियम क्लोराइड जाणार कुठे?" त्याच आठवड्यात शाळेत तिचा रसायनशास्त्राचा धडा झाला होता. मी तोवर या उताऱ्यावर निदान दहा वर्षं भाविक चेहऱ्याने बोलत आले होते, आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "पुढच्या रविवारी सांगते," म्हणाले. पुढच्या रविवारीही सांगता आलं नाही.

शेवटी फेब्रुवारीत आख्खा वर्ग घेऊन जूचंद्र-राजावलीच्या बाजूच्या मिठागरावर गेले. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी मिठागर पाहिलं होतं ते लोकलच्या खिडकीतून, नायगाव-भाईंदरच्या मध्ये. जवळून पाहिलं की कळतं, ही शेतीच आहे. फक्त इथे उन्हाचं पीक निघतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उथळ खाचरांतून एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात खेळवायचं, आणि दर खाचरागणिक ते दाट होत जातं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण 35 ग्रॅम. त्यातले सगळे एकदम खाली बसत नाहीत. आधी जिप्समसारखे चुनखडीच्या जातीचे बसतात, मग मीठ धरायला लागतं, आणि सगळ्यात शेवटी जे पाणी उरतं ते कडू असतं. मॅग्नेशियमचे क्षार त्या पाण्यात राहतात.

तिथे काम करणाऱ्या एका आजोबांनी मुलांना ते पाणी बोटाने चाखायला लावलं. मुलांनी केलेली तोंडं मला अजून आठवतात. "हे पाणी वेळेवर सोडून द्यायचं," आजोबा म्हणाले. "लोभ केला आणि राहू दिलं, तर मीठ वजनाला भरतं. पण मग पावसात रडतं."

घरी येऊन पुस्तकं काढली, तर आजोबांचं म्हणणं आकड्यांतही तंतोतंत. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर जाईपर्यंत कोरडं राहतं. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र 33 टक्क्यांनाच पाणी प्यायला लागतं. म्हणजे माझ्या बरणीत मे महिन्यात आधी जे रडतं ते मीठ नव्हे, मिठाला चिकटून आलेला कडवटपणा. मीठ बिचारं सोबतीने बदनाम. (जुलैत आमच्याकडची हवा 75 च्या वरच असते, तेव्हा शुद्ध मीठही रडतं. संतांनाही वाईट दिवस येतात.)

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही याच वाटेवर होतं. येशूच्या देशातलं बरंचसं मीठ मृत समुद्राच्या काठचं. तो समुद्र आपल्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारा, पण त्यात मीठ कमी आणि मॅग्नेशियमसारखे इतर क्षार जास्त. मिठाचे खडे म्हणून जे घरात यायचं त्यात माती, जिप्सम, काय काय मिसळलेलं. अशा खड्यांवर ओल आली, पाऊस पडला, की त्यातलं खरं मीठ विरघळून निघून जातं आणि मागे पांढुरका, बेचव खडा राहतो. दिसायला मीठच. अभ्यासक हे स्पष्टीकरण देतात आणि मला ते पटतं, कारण येशू ज्यांच्याशी बोलत होता त्यांना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. त्याचे पहिले शिष्य कोळी. गालीलच्या सरोवराकाठचं मग्दला, म्हणजे येशूची शिष्या, आपल्या मरिया मग्दालियाचं गाव. त्याचं ग्रीक नाव खारवलेल्या मासळीवरून पडलं असं मानतात. हे वाचल्यापासून मग्दलेची मरिया मला चित्रातल्यासारखी रेशमी केसांची दिसत नाही. आमच्या पाचूबंदरच्या कोळणींसारखी दिसते, पदर खोचलेली, कोपरापर्यंत हात खारट.

याच्या पुढची एक गोष्ट फादरांनी सांगितली. मूळ ग्रीकमध्ये मिठाचा खारटपणा जाण्यासाठी जे क्रियापद आहे, त्याचा एरवीचा अर्थ मूर्ख होणं. मिठाने अक्कल गमावली तर, असंच जवळपास. हे ऐकल्यावर मला आई आठवली. माझा जन्म 1962 चा. तेव्हा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, जुन्या पद्धतीने, लॅटिनमध्ये व्हायचा आणि बाळाच्या जिभेवर चिमटीने मीठ ठेवायचे. ज्ञानाचं मीठ घे, असे त्या लॅटिन शब्दांचे अर्थ. चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 मध्ये बालकांच्या स्नानसंस्काराचा नवा विधी आला आणि मीठ गेलं. त्यामुळे मला मीठ मिळालं आणि 1972 साली जन्मलेल्या माझ्या भावाला नाही. आम्ही भांडलो की आई त्याला पाठीशी घालायची. "अगं, त्याला मीठ नाही मिळालेलं, तू तरी शहाण्यासारखी वाग." मी त्या मिठाने असं काही तोंड वाकडं केलं होतं म्हणे, की माझ्या मावशीच्या, म्हणजे माझ्या धर्ममातेच्या हातून मी निसटणारच होते.

आपल्या भाषेत या उताऱ्याला फारसं भाष्य लागतच नाही, असं मला नेहमी वाटत आलंय. जुन्या करारात 'मिठाचा करार' असा शब्द येतो, कधी न मोडणारा करार. इतरांना त्यावर तळटीप द्यावी लागत असेल. मराठी माणसाला खाल्ल्या मिठाला जागायचं ठाऊक आहे, त्याला आणखी काय सांगायचं? आणि पाककृतीच्या पुस्तकांतला तो शब्द, 'चवीपुरते'. तांदूळ दोन वाट्या, खोबरं अर्धी वाटी, मिरच्या सहा, मीठ चवीपुरते. सगळ्या जिन्नसांना माप आहे, मिठाला नाही. तिथे पुस्तक हात टेकतं आणि सांगतं, आता तुझं तू बघ. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं विचारायची, माफ किती वेळा करायचं, दान किती द्यायचं, रोझरीची जपमाळ रोज केलीच पाहिजे का. मला दर वेळी हाच शब्द ओठावर यायचा. पण फादरांना आवडलं नसतं म्हणून मी प्रश्नोत्तरीतली उत्तरं देत आले.

हे सगळं मी मिठाबद्दल शहाणपणाने बोलते आहे. आता माझ्या स्वतःच्या बरणीबद्दल सांगते.

आमची वाडी दोघा भावांची, माझ्या नवऱ्याची आणि धाकट्या दिराची. पानवेल गेली, केळी राहिल्या, मग बिल्डर येऊ लागले. अर्धी वाडी विकायची की नाही यावरून 2014 साली जे बिनसलं ते मजल दरमजल करत कोर्टापर्यंत गेलं. अंगणात छातीएवढी भिंत आली. विहीर त्यांच्या बाजूला गेली, आंबा आमच्या. धाकटी जाऊ आणि मी एकाच चर्चला, एकाच मिस्सेला, बायकांच्या एकाच रांगेत बसायचो. शांतीचं चिन्ह द्या असं फादर म्हणाले की मी उजवीकडे वळायचे आणि ती डावीकडे, म्हणजे आमच्या मधल्या बाईला दोन्हीकडून नमस्कार मिळायचे. मार्काच्या शुभवर्तमानात मिठाचं आणखी एक वचन आहे: आपल्यामध्ये मीठ असू द्या आणि एकमेकांशी शांतीने राहा. मी ते वर्गात शिकवत होते. अबोला होता त्या चार वर्षांतही.

2018 च्या जुलैत वसई पाण्यात गेली. लोकल बंद, वीज नाही, रस्त्यावर कमरेएवढं पाणी. आमचं स्वयंपाकघर जुनं, दोन पायऱ्या खाली. रात्री पाणी आत शिरलं तेव्हा आम्ही गहू-तांदूळ तेवढे माळ्यावर चढवले. मिठाची बरणी आणि पाकिटं खालच्या फळीवरच राहिली. मिठाचं कोणाला सुचतं? दोन दिवसांनी पाणी ओसरलं. बरणी आडवी पडून कोपऱ्यात अडकली होती, झाकण कुठल्या कुठे. सरळ केली, गढूळ पाणी ओतून दिलं. तळाशी बोटभर करडा गाळ होता, त्यात दोन-चार पांढुरके खडे. एक उचलून जिभेला लावला. काही नाही. माती.

मी तिथेच ओल्या पाटावर बसले. दहा वर्षं मुलांना जे समजावत होते ते हातात होतं, आणि त्या क्षणी मला शास्त्र आठवलं नाही की मत्तय. पेजेला मीठ नाही, एवढंच डोक्यात आलं. नवऱ्याला ताप होता. दुकानं बंद. अळणी पेज त्याने एक चमचा घेऊन बाजूला सारली. पलीकडची घरं पाण्यात, जायला वाट फक्त मागच्या अंगणातून, भिंतीपर्यंत.

भिंतीशी जाऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पाऊस भुरभुरत होता. जाऊ तिच्या ओट्यावर गाळ ओढत होती. तिने मला पाहिलं आणि खराटा थांबवला. चार वर्षांत तिच्याशी पहिल्यांदा बोलायचं आणि काय बोलायचं याचं मी मनात बरंच काही जुळवून ठेवलेलं होतं, वर्षानुवर्षं, रात्री झोप लागत नसली की. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

"थोडं मीठ आहे का गं?"

ती आत गेली. स्टीलची वाटी घेऊन आली, जाड्या मिठाने शिगोशीग भरलेली, कोरडी. तिचं स्वयंपाकघर नवीन, उंचावर बांधलेलं. मी हात पुढे केला, तर तिने वाटी माझ्या हातात न देता भिंतीवर ठेवली.

"हातात नको, ताई. मीठ हातात दिलं की भांडण होतं."

सासूबाई सांगायच्या हे. आम्हा दोघींनाही त्यांनीच सांगितलं होतं. चर्चमध्ये याला अंधश्रद्धा म्हणतात आणि घरोघरी पाळतात.

"आता आणखी कुठलं व्हायचं राहिलंय?" मी म्हणाले.

आधी ती हसली की मी, ते आठवत नाही. मला वाटतं तीच.

भाऊभाऊ अजून वकिलांमार्फतच बोलतात, पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. भिंतही आहे. वाटी परत करताना रिकामी कशी द्यायची म्हणून मी तेव्हा त्यात दोन केळी ठेवली होती. मग ती खारातल्या कैऱ्या घालून परत आली, मग नाताळात नेवऱ्या घेऊन गेली. सध्या आमच्याकडे आहे. जून लागलाय, बरणीखाली बशी ठेवली आहे, आणि वाटीत काय घालून द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.