महाद्वार रोडवरची चार पदरी लोकर

परगावी गेले की तिथल्या दुकानातून निदान एक गुंडी लोकर किंवा सुताची एक लडी घ्यायची, तिचा वीतभर तुकडा वहीत चिकटवायचा आणि त्याखाली गावाचे नाव लिहायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता आहे. नोव्हेंबरात मावसबहिणीच्या मुलाच्या लग्नासाठी तीन दिवस कोल्हापूरला जायचे ठरले, तेव्हा घरच्यांनी चपलांची मापे, गुळाची ढेप आणि कांदा-लसूण चटणी अशी यादी हातात ठेवली. तिच्या पाठकोऱ्या बाजूवर मी माझी एकच ओळ लिहिली : फिकट पिवळी, चार पदरी, तीन गुंड्या. डिसेंबरात भाचीचे बाळंतपण होते आणि बाळंतविड्यातले टोपडे व मोजे माझ्याकडे होते.

निव्वळ लोकरीचे असे दुकान कोल्हापुरात मला तरी आढळले नाही, आणि ते असावे अशी अपेक्षाही मी केली नव्हती. आपल्याकडे मैदानी गावांत लोकर नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी आश्रयाने राहते. साडीला लावायचे फॉल, अस्तराचे कापड, लेस, हुक, बटणे आणि शिलाई यंत्राच्या बॉबिन विकणाऱ्या दुकानात मागच्या भिंतीला, छताच्या अगदी जवळ, पारदर्शक पिशव्यांत ती कोंबलेली असते, आणि ती काढायला शिडी किंवा दुकानातले पोरगे लागते. त्यामुळे अनोळखी गावात लोकर कुठे मिळते असे विचारण्यापेक्षा ब्लाउजला अस्तर कुठून घेता असे विचारलेले बरे. पहिला प्रश्न मी महाद्वार रोडवर एका चप्पलवाल्याला विचारून पाहिला, तर त्याने माझ्याकडे आणि नंतर वरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहून, "स्वेटर पायजे काय?" असे अत्यंत काळजीने विचारले.

किरणोत्सवाचे दिवस होते. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, तो सोहळा पाहायला दुपार कलली की सगळी गर्दी देवळाकडे वळते, आणि त्या गर्दीच्या उलट दिशेने चालणे म्हणजे काय असते हे मी त्या दिवशी अनुभवले. बऱ्याच धक्क्यांनंतर एका बोळाच्या तोंडाशी मला हवे तसे दुकान दिसले. गल्ल्यावर साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर, हिशेबाच्या वहीखाली, दोन सुया डोकावत होत्या.

"कुठनं आलासा?"

"पुण्याहून."

"पुण्याहनं हितं लोकर न्यायला? मग बसा की वाईच. मी पण विणतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी हितंच टोपडी करत बसतो."

कोल्हापुरातल्या बायका स्वतःविषयी बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणतात, हे ठाऊक असूनही दर वेळी ते ऐकायला मला गोड वाटते आणि परतल्यावर दोन दिवस माझ्याही तोंडात ते राहते.

बाईंनी पोराकडून पाच-सहा पिशव्या खाली उतरवून घेतल्या. गठ्ठ्यांचे सरळ दोन भाग पडले होते. एका बाजूला फिकट गुलाबी, पांढरा, आकाशी, लिंबाच्या सालीसारखा पिवळा. दुसऱ्या बाजूला भडक लाल, पोपटी, राणी, शेंदरी. स्वेटरांचे करडे, तपकिरी, निळसर रंग जवळजवळ नव्हतेच. कोल्हापूरच्या थंडीला स्वेटर विणत बसावे इतका कडाका नसतो. तिथे लोकर खपते ती बाळासाठी आणि रुखवतासाठी. दारावरची तोरणे, पाटावरची आसने, ताटावरचे रुमाल हे सगळे त्या भडक गठ्ठ्यांतून होते. एखाद्या गावात काय विणले जाते हे मला अशा फळ्यांवरून फार लवकर कळते, विणणाऱ्यांना विचारूनही इतके नीट कळत नाही.

मी वेष्टनावर 'चार पदरी' लिहिलेल्या दोन वेगवेगळ्या गुंड्या उचलल्या. बाईंनी त्या माझ्या हातातून घेतल्या, एकीचे टोक ओढून दोन्ही चिमटींत धरले आणि पीळ उलटा फिरवायला सुरुवात केली. धागा सैलावला, फुगला, आणि मग त्यांनी करंगळीच्या नखाने एकेक पदर बाजूला करत मोजले : चार. दुसरीलाही चारच निघाले, पण त्यातला प्रत्येक पदर पहिलीच्या निम्म्याने जाड होता आणि पीळही घट्ट होता. "ही तोरणाला चालती," त्या म्हणाल्या, "बाळाच्या कानाला टोचंल." पदरांची संख्या आणि धाग्याची जाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नवशिक्यांना समजावताना माझी निम्मी दुपार जाते, इथे ते एका नखात दाखवून झाले होते. मी स्वतः पट्टीला एका इंचात धागा शेजारी शेजारी गुंडाळून वेढे मोजते. तेही मी करून दाखवले, आणि बाईंनी ते मान डोलावून मान्य केले, परंतु त्यांच्या चेहऱ्यावरून पट्टी बाळगणाऱ्या माणसाविषयी त्यांचे मत फारसे चांगले झाले नसावे.

सुयांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी दहा नंबर सांगितला. आपल्या दुकानांत अजून जुने इंग्रजी नंबर चालतात, आणि ते उलटे असतात : नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, दहाची सव्वातीन मिलिमीटरची आणि चौदाची २ मिलिमीटरची. परदेशी नमुन्यावरून विणणारी मंडळी याच ठिकाणी फसतात. टोपड्यासाठी बाईंनी आणखी एक गोष्ट बजावली, जी माझ्या आईनेही सांगितली होती आणि मी मधल्या काळात विसरले होते. पहिली ओळ घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घालायचे आणि मग एक सुई काढून घ्यायची, म्हणजे काठ सैल राहतो आणि कपाळावर वळ उठत नाही. "बारशापासनं जावळापर्यंत डोस्कं केवढं वाढतंय बघा की," त्या म्हणाल्या. मी दोन गुंड्या घेतल्या, कारण त्या रंगाच्या दोनच होत्या.

तिसरी गुंडी दुसऱ्या दिवशी राजारामपुरीत एका दुकानात मिळाली आणि तिथे मी शुद्ध बावळटपणा केला. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग जुळवला, वेष्टन फाडून धागा हाताला कसा लागतो ते पाहिले, पैसे दिले आणि बाहेर उन्हात आले. कालचा पिवळा लिंबाचा होता, आजचा हळदीकडे झुकलेला. वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा क्रमांक छापलेला असतो. रंगाच्या प्रत्येक घाण्याला थोडा फरक पडतो म्हणूनच तो छापतात, आणि मी तो पाहिलाच नव्हता. उघडलेली गुंडी दुकानदाराने परत घेतली नाही. त्याचेही बरोबरच होते, तरी मी रागावून एक अख्खी गल्ली पायी चालले. पुढे मी दोन्ही गुंड्यांच्या दोन-दोन ओळी आळीपाळीने घातल्या, त्यामुळे रंगाची सीमारेषा पडली नाही. सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मी प्रत्येकाला सांगते.

त्या रात्री मुक्कामाच्या गॅलरीत मी तिन्ही गुंड्यांचे तुकडे काडीने जाळून पाहिले. धागा भुर्रकन पेटला, आक्रसला आणि त्याच्या टोकाला काळा टणक मणी तयार झाला. म्हणजे अॅक्रिलिक. यात आश्चर्य काहीच नव्हते. लुधियानाहून येणारा आणि आपण सगळे ज्याला सर्रास लोकर म्हणतो तो माल बहुतांशी अॅक्रिलिकच असतो. तो स्वस्त आहे, घरच्या यंत्रात धुता येतो, कसर त्याला लागत नाही, आणि बाळाच्या कपड्यांना रोज धुणे असते, तेव्हा मी त्याला नाके मुरडत नाही. खरी लोकर मात्र पेटवली तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढताच ती विझते आणि उरलेली राख बोटांत चुरगळते. मला शब्दाचे कोडे पडले होते. ज्या जिल्ह्यात मेंढरांचे कळप रस्ता अडवून उभे असतात, त्याच्या मुख्य पेठेत लोकर मागितली तर मेंढीचा एक केसही मिळू नये?

सुताच्या बाबतीत असे झाले नाही. लग्नात शेजारच्या खुर्चीवर इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले गृहस्थ होते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला आणि दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिल काढली, हे त्यांनी मला पंगतीत ऐकवले. मिलच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चालायचे, हे त्यांना त्यांच्या आजोबांकडून कळले होते. मी विणते म्हटल्यावर संध्याकाळी त्यांनी विसाच्या सुताचा एक अर्धवट कोन आणून दिला. वीस काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या २० लड्या. हिशेब केला तर ग्रॅमला जवळजवळ ३४ मीटर. इतका बारीक धागा सुयांवर घेण्यात अर्थ नाही, पण बारा पदर एकत्र केले की १०० ग्रॅममध्ये २८० मीटरच्या आसपास बसतात आणि उन्हाळी झबल्याला योग्य असे सूत तयार होते. बारा पदर न गुंतवता एकत्र कसे करायचे, हा प्रश्न मी पुण्यासाठी राखून ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी घोंगड्यांच्या दुकानात गेले. आत शिरताच वास आला, पावसात भिजलेल्या कळपाच्या वासाचा सौम्य, कोरडा भाऊबंद. पटकेवाले आजोबा घोंगडी उलगडून दाखवू लागले, आणि मी त्यांना सूत मागितले.

"सूत इकत न्हाई. घोंगडं इकतो."

मग मी पिशवीतून पिवळे, अर्धवट टोपडे काढले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, सुयांना हात लावला आणि काही न बोलता आतून मुठीएवढा काळा गोळा आणून माझ्यापुढे ठेवला. घोंगड्याची दुरुस्ती करायला ठेवलेले ते सूत होते. दख्खनी मेंढीची लोकर, वर्षातून दोनदा कातरलेली, चरख्यावर हाताने कातलेली, एकपदरी. मागावर ताणा चढवण्याआधी त्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे नवे घोंगडे पुठ्ठ्यासारखे ताठ असते आणि वापरून वापरून मऊ पडते. मी मऊ लोकरीविषयी विचारले, तेव्हा त्यांनी एका घोंगड्याचा कोपरा माझ्या हातात दिला. ते जावळाचे होते. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, तिलाही जावळच म्हणतात. फरक बोटांना लगेच कळत होता आणि किंमत ऐकून कानांनाही कळला. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. यंदाच्या यात्रेला ते जाऊन आले होते आणि दुकानातल्या गणपतीच्या तसबिरीवर अजून पिवळी बोटे उमटलेली होती. गोळ्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी एक लहान आसन विकत घेतले.

मुक्कामावर येऊन थोडे सूत कोमट पाण्यात खळ जाईपर्यंत धुतले, पंख्याखाली वाळवले आणि आठ नंबरच्या सुयांवर वीस टाके घालून चौकोन विणायला घेतला. सगळे टाके सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट, काहीही चुकले नव्हते, तरी दहा-बारा ओळींनंतर चौकोन एका बाजूला कलू लागला आणि शेवटी शंकरपाळ्याच्या आकाराचा झाला. एकपदरी धाग्यातला पीळ सगळा एकाच दिशेला असतो आणि विणताना तो प्रत्येक टाक्याला आपल्याकडे ओढतो. मागावर धागा ताणलेला आणि आडव्या-उभ्यात बांधलेला असल्याने घोंगड्याचे काही बिघडत नाही. उपाय एकच, दोन धागे एकत्र घेऊन उलट्या दिशेने पीळ द्यायचा. पेन्सिलीला बांधून मी हातभर सूत तसे दोनपदरी केले. तेवढ्यात तर्जनीत कुसळ घुसले, ते काढायला चष्मा आणि सुई लागली.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर बांधलेले गाठोडे. मी टोपड्याचा काठ पुरा करत होते आणि काळा शंकरपाळा पिशवीच्या तोंडाशी पडला होता. त्यांनी तो न विचारता उचलला.

"मेंढीची हाय न्हवं?"

मी हो म्हटले.

"आन् ही कसली?" त्यांनी पिवळ्या गुंडीकडे बोट दाखवले.

"हीसुद्धा लोकरच म्हणायची," मी म्हणाले.

त्यांनी पिवळा धागा चिमटीत धरून चोळला, थोडा वेळ खिडकीकडे पाहिले आणि तो माझ्या मांडीवर परत ठेवला. काळा तुकडा मात्र कराड येईपर्यंत त्यांच्याच हातात होता.