कस्तुराची शीळ मोजताना

आंबोलीत पाऊस लागला की शीळकरी कस्तूर हा पक्षी घाटभर ऐकू येतो आणि गावात कुणीही सांगेल, ‘हा तर ढिगाने आहे.’ गणतीच्या त्या सकाळी आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं.

ओढ्याच्या कडेने दर २५० मीटरवर थांबून ऐकायचा एक बिंदू, प्रत्येक बिंदूवर दहा मिनिटं. पहिला बिंदू झुंजुमुंजू व्हायच्या आधीच धरावा लागतो. नर तेव्हाच भरात असतो, आणि उशिरा घेतलेले आकडे पहाटेच्या आकड्यांशी जुळवण्यात अर्थ नाही. ऐकलेल्या प्रत्येक शिळेसमोर वेळ, होकायंत्रावरची दिशा आणि अंतराचा टप्पा लिहायचा: २५ मीटरच्या आत, ५०, १००, त्यापुढे. दिशा कंटाळा करून सोडली जाते, आणि घात तिथेच होतो. नकाशावर रेघा ओढल्या तेव्हा लागोपाठच्या दोन बिंदूंवरचे बरेच ‘वेगळे’ नर एकाच कपारीपाशी मिळाले. शीळ दरीत लांबवर जाते. दोघं एकाच वेळी गात असतील तरच ते दोन धरायचे.

धबधब्यापाशी नेमकं उलट. पाण्याच्या आवाजात पन्नास मीटरवरचा नरही निसटतो, म्हणून प्रत्येक बिंदूवर आवाजाची पातळी ० ते ३ अशी नोंदवतो. जोराच्या सरीत मोजणी थांबवायची.

मग ओढा सोडून वर रानात शिरलो, आणि शीळ जवळपास बंदच. कस्तुराचं घरटं ओढ्याकाठच्या खडकात, पुलाखालच्या खोबणीत. खाणं खेकडे, गोगलगायी, किडे. ओढ्याकाठची घनता अख्ख्या जंगलाच्या क्षेत्रफळाला लावली तर कागदावर कस्तूर कितीतरी पट वाढतात.

आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या, कोणत्या जातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या लाल यादीत हा पक्षी ‘कमी चिंता’ या वर्गात आहे, आणि ते बरोबरच आहे. ‘असुरक्षित’ ठरायची एक वाट म्हणजे दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा त्यात, किमान ३० टक्के घट. दुसरी एक वाट म्हणजे संख्या १०,००० प्रौढांच्या खाली जाऊन घटत राहणं. हा हिशेब साऱ्या जातीचा असतो. एखादा ओढा बांध घालून आटवला तर त्या यादीत काहीच हलत नाही.

हौशी नोंदी इथे खरंच कामाच्या आहेत, पण ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नुसता कस्तूर टाकून उपयोग नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरच्या अहवालातले कल, किती पूर्ण याद्यांमध्ये (म्हणजे ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेल्या याद्यांमध्ये) पक्षी आला यावर काढतात. बुलबुल, कावळे सगळे लिहा, आणि आकड्याच्या जागी ‘एक्स’ (म्हणजे ‘होता, पण मोजला नाही’) टाकू नका. कस्तूर न दिसलेली पूर्ण यादीही पाठवा.