एक टक्का

मी आयुष्यातला पहिला रेडिएटर बसवला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मे महिना होता आणि डोक्यावर पंखा पाचावर फिरत होता. रेडिएटर म्हणजे थंड देशांत भिंतीला लावलेली असते ती गरम पाण्याची लोखंडी पेटी. ठाण्यात जन्म काढलेल्या माणसाला ती फार तर सिनेमात दिसते. पण पडद्यावरच्या कुणा गिऱ्हाइकाला ती हवी होती, म्हणून मी माउसचं बटण दाबून धरलं, तिची एकेक जोडणी फिरवून घट्ट केली, शेवटची बसली तेव्हा खुर्चीत जरा ताठ बसलो आणि माझ्या खात्यात पैसे जमा झाले. आमच्या मोरीतला खरा नळ तेव्हा तीन महिने गळत होता. त्याला मी चिंधी बांधली होती.

खेळाचं नाव 'हाउस फ्लिपर'. पडकं घर स्वस्तात घ्यायचं, झाडून-रंगवून नीट करायचं आणि चढ्या भावाने विकायचं, असा धंदा करणाऱ्याला अमेरिकेत फ्लिपर म्हणतात. खेळ मात्र पोलंडचा. एम्पिरियन नावाच्या चमूने तो बनवला आणि मे २०१८ मध्ये तो संगणकावर आला. त्याच्या पाठीशी असलेल्या प्लेवे या वॉर्सातल्या कंपनीचं दुकानच असल्या खेळांवर चालतं. गाडी दुरुस्त करायचा खेळ, हॉटेलच्या भटारखान्यात राबायचा खेळ, लोकांच्या घरी चोरी करायचाही खेळ. राक्षस मारून राज्य मिळवण्यापेक्षा गॅरेजमध्ये हात काळे करायला आवडेल असे लोक जगात भरपूर आहेत, हे त्यांना आधीच कळलंय.

सुरुवातीला तुम्हाला एक खोपटं मिळतं. तेच घर, तेच ऑफिस. आत एक लॅपटॉप. त्यावर कामाच्या मेल येतात: घर साफ करून द्या, खोली रंगवून द्या, न्हाणीघरात शॉवर बसवा. पैसे साठले की स्वतःच एखादं घर विकत घ्यायचं, नीट करायचं आणि लिलावात काढायचं. यात कुणी शत्रू नाही, घड्याळ मागे लागलेलं नाही, हरायची तर सोयच नाही. समोर नुसते डाग, फरशीवर, भिंतीवर, फर्निचरवर, आणि हातात दांड्याचा फडका. डागावर फडका दोन-चारदा फिरवला की डाग जातो. प्रत्येक खोलीची टक्केवारी कडेला दिसत राहते. सफाई ४० टक्के, सफाई ६५ टक्के. रोज रात्री दोन-दोन तास मी एवढंच करत होतो. बायकोने एकदा मागे उभं राहून पाहिलं. काही बोलली नाही. पलंगाखालचे माझे मोजे काढून की-बोर्डवर ठेवले आणि गेली.

जूनमध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी उकिडवं बसायला, मांडी घालायला बंदी केली. लहानपणापासून मी बघत आलोय, केर काढून लादी पुसल्याशिवाय ती सकाळचा चहा घेत नाही. दांड्याचा मॉप तिने कधी घरात येऊ दिला नाही. त्याने लादी पुसली जात नाही, भिजवली जाते, असं तिचं म्हणणं. आता ती वॉकर शेजारी लावून हॉलमधल्या उंच खुर्चीत बसायची आणि मावशी लादी पुसत असताना त्यांच्या हाताकडे बघत राहायची. तिसऱ्या दिवशी मावशींनी माझ्या बायकोला हळूच सांगितलं, "ताई, आजींना थोडा वेळ आत बसवत जा." खुर्ची माझ्या खोलीत आली ती अशी.

"मारामारी कधी सुरू होते?" पहिल्याच रात्री तिने विचारलं.

"यात नाही मारामारी. घर साफ करायचं."

"कुणाचं?"

"कुणाचंही. मेल येते."

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, दारापासून काय सुरू केलंस? समोरच्या भिंतीपासून पुसत पुसत मागे दाराकडे यायचं. तू पुसलेल्यावरच नाचतोयस."

त्या रात्रीपासून मी खेळत होतो असं म्हणता येणार नाही. मी कामावर होतो आणि मुकादम मागे बसलेला होता.

तिचे आक्षेप फार मूलभूत होते. हा माणूस फडका कधी बादलीत बुडवत नाही, कधी पिळत नाही. त्याच फडक्याने संडास आणि त्याच फडक्याने स्वयंपाकघर? मी म्हटलं, खेळात एकच फडका दिलाय. "मग आधी स्वयंपाकघर कर आणि मग संडास कर. तेवढं तर तुझ्या हातात आहे!" तेवढं खरंच माझ्या हातात होतं. दुसरा आक्षेप कचऱ्याचा. जमिनीवर पडलेल्या बाटलीवर, कागदाच्या बोळ्यावर टिचकी मारली की वस्तू नाहीशी होते. "गेला कुठे?" "गेला." "म्हणजे कुठे?" याचं उत्तर खेळ बनवणाऱ्यांनाही बहुतेक पुढे सुचलं असावं, कारण डिसेंबर २०२३ मध्ये 'हाउस फ्लिपर'चा दुसरा भाग आला त्यात पिनाकोव्ह नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, आणि तिथे कचरा पिशवीत भरून बाहेर नेऊन टाकावा लागतो. हे ऐकल्यावर आईने मान डोलावली. सुका-ओला वेगळा करतात का, ते तिने विचारलं.

झुरळांचं तर विचारूच नका. काही घरांत झुरळं असतात, ती व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायची. ज्यांना किळस येते त्यांच्यासाठी खेळात सोय आहे: सेटिंग बदललं की झुरळांच्या जागी काचेचे तुकडे दिसतात. मला वाटलं आईला ते बरं पडेल. "नको," ती म्हणाली, "झुरळंच राहू देत. काच पायात जाते."

रंगकामावर मात्र आमची खरी बैठक जमली. रंगाचा डबा मागवायचा, भिंतीशी ठेवायचा, रोलर बुडवायचा आणि भिंतीवर एक उभा पट्टा ओढायचा. मग त्याला लागून दुसरा. रोलरचा तो ओला, चिकट आवाज. हात सरावला की एका वेळी जास्त पट्टे निघतात. शिडी लागत नाही, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरावं लागत नाही, रंग लगेच वाळतो. आईला हे सगळं संशयास्पद वाटत होतं. "खरवडलं नाहीस. लांबी भरली नाहीस. एका हातात कुठे भिंत होते? पहिल्या पावसात पोपडे धरतील." या गावात पोपडे धरत नाहीत, मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू बिल्डरचा माणूसच बोलला.

गावच्या घराला आम्ही दिवाळीआधी चुना लावायचो. आम्ही म्हणजे आई. आदल्या दिवशी चुना भिजत पडलेला असायचा, त्यात चिमूटभर नीळ, डोक्याला जुन्या साडीचं फडकं आणि हातात कुंचा. आठवडाभर तिच्या बोटांच्या पेरांना भेगा असत आणि आमटीत मीठ घालताना ती हात झटकायची. मागची पडवी सारवलेली. सारवणात तिच्या हाताचे अर्धगोल एकमेकांवर थोडे थोडे चढलेले दिसायचे, कौलांसारखे. हे मला किती वर्षांत आठवलं नव्हतं. आठवलं ते तिच्या एका वाक्याने. "पट्ट्यावर पट्टा थोडा चढव," ती पडद्याकडे बघत म्हणाली, "नाही तर मध्ये रेघ राहते." खेळात पट्टे आपोआप कडेला कड लावून बसतात, चढवायची भानगडच नाही. पण मी रोलर थोडा डावीकडे नेऊन, चढवल्यासारखं करून, मग पुढे सरकायला लागलो. अजूनही तसंच करतो.

आमचं स्वतःचं स्वयंपाकघर आम्ही दोन वर्षांपूर्वी नवं केलं, त्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. तीन आठवड्यांचे अडीच महिने झाले. सोसायटीची परवानगी, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, लिफ्टमधून डेब्रिज न्यायचं नाही, आणि ओट्याचा ग्रॅनाइट कापून आणला तो सिंकच्या भोकासकट उलटा. खेळात भिंत नको असेल तर हातोड्याचे चार घाव घातले की ती जाते. माती उरत नाही, खालच्या मजल्यावरचे काका वर येत नाहीत आणि "उद्या येतो" असं कुणी म्हणत नाही. मिस्त्री नाही, प्लंबर नाही, बिगारी नाही. सगळं आपणच. हे स्वप्न कुणाला पडलं असेल ते अडीच महिने गॅलरीत भांडी घासलेल्या माणसाला बरोबर कळतं.

"हे असले खेळ सुचतात तरी कुणाला?" आईने एकदा विचारलं. मला पोलंडवाल्यांचं माहीत नव्हतं, म्हणून विल राइट या खेळ बनवणाऱ्या अमेरिकन माणसाचं सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर ऑक्टोबर १९९१ मध्ये मोठी आग लागली, त्यात त्याचं घर जळालं. नव्याने संसार मांडताना, आपल्याला नक्की कुठली वस्तू कशाला लागते, यावर तो विचार करायला लागला. त्यातून पुढे 'द सिम्स' हा खेळ झाला, सन २००० मध्ये. घर बांधायचं, आत माणसं ठेवायची, त्यांना फ्रिज, पलंग, संडास पुरवायचा. मला वाटलं आई म्हणेल, संकटातून माणूस कसा उभा राहतो बघ. "भांडीसुद्धा गेली असतील," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "लोणच्याच्या बरण्या."

विकायला काढायच्या घरांत तिचा जीव जास्त गुंतायचा. घर नीट करताना संभाव्य गिऱ्हाइकं अधूनमधून शेरे मारतात, अमुक आवडलं, तमुक नको. त्यांच्या मनासारखं केलं तर बोली चढते. मी तसंच करायचो. आईला हा लाळघोटेपणा पसंत नव्हता. "त्याला नको तर त्याने घेऊ नये." तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक फळी लावायला लावली. देवघर खेळात मिळत नाही. मग सामानाच्या यादीत शोधून एक छोटा दिवा तिने तिथे ठेवायला सांगितला. न्हाणीघराच्या फरशीला ढाळ नाही, पाणी कुठे जाणार, हे तिचं कायमचं दुःख. त्या फळीसकट ते घर कुणीतरी घेतलं. दिव्याचं त्यांनी काय केलं असेल याचा तिने दुसऱ्या दिवशी सकाळी विषय काढला.

आता त्या टक्क्यांबद्दल. खेळात काम करत गेलं की कौशल्याचे गुण मिळतात आणि ते खर्चून नव्या सवलती घेता येतात. सफाईत एक सवलत अशी, की कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर उरलेले डाग दिसायला लागतात. ही घेण्याआधी फार छळ होतो. खोली ९९ टक्क्यांवर येऊन अडते आणि तो एक डाग कपाटामागे, दाराच्या आड, कुठेतरी लपून बसतो. 'पॉवरवॉश सिम्युलेटर' नावाचा ब्रिटिश खेळ आहे, पाण्याच्या फवाऱ्याने घाण काढायचा. त्यात तर कळ दाबली की उरलेली घाण चमकते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्या खेळाच्या खास आवृत्तीवर हजारो लोकांना खेळता खेळता मनःस्थिती विचारली, आणि बहुतेकांना सुरुवातीपेक्षा किंचित बरं वाटत होतं, असं त्यांना आढळलं. मी हे कौतुकाने आईला सांगितलं.

"मावशींना विचारलं का त्यांनी?" ती म्हणाली.

नकाशाची सवलत मी घेणार होतो त्याच रात्री आम्ही एका जुनाट घराच्या मागच्या खोलीत अडकलो होतो. ९९ टक्के. मी चारही भिंती पाहिल्या, पलंग सरकवला, खिडकी पाहिली. वीस मिनिटं झाली. गुण शिल्लक होते, म्हणून यादी उघडली आणि नकाशावर बोट ठेवलं.

"थांब. ते नको," आई म्हणाली. "इकडे दे."

तिने माउस हातात घेतला. याआधी कधी घेतला नव्हता. तिचा माणूस आधी छताकडे बघत भिंतीवर जाऊन आपटला, मग स्वतःभोवती दोनदा फिरला. मी काही बोललो नाही. हळूहळू तिने त्याला दारापाशी आणलं, त्याच्याकडून दार लावून घेतलं आणि दारामागच्या भिंतीकडे वळवलं. खाली, फरशीला लागून, बोटभर काळपट डाग.

"दारामागे कुणीच पुसत नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता फडका फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शंभर टक्के झाले, आवाज झाला. तिने डाग गेलेल्या जागेवरून आणखी एकदा फडका नेला.

मग तिने वॉकर ओढला, दोन्ही हात टेकून उठली. दाराशी थांबली.

"बंद कर आता. साडेबारा झाले," ती म्हणाली. "आणि तो फडका पिळून ठेव."