नायट्यावर तेल लावू का, ताई?

मृग लागला की आमच्या मेडिकलमध्ये खाज घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. जांघ, परकराच्या नाडीखालचा पट्टा, काखा. भाताच्या चिखलात दिवसभर उभं राहायचं आणि ओल्या कपड्यांनीच घरी यायचं, दुसरं काय होणार! मग फर्माईश ठरलेली: "मागच्या वेळची ट्यूब द्या." त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल असतं, म्हणजे जबरदस्त स्टेरॉइड. खाज थांबते, बुरशी मात्र खुशाल पसरत राहते. मी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

हल्ली हटता हटत नाही तो नायटा बरेचदा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीचा असतो. टर्बिनाफिन हे नायट्याचं नेहमीचं औषध बुरशीचं स्क्वालीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम अडवतं. या बुरशीच्या बऱ्याच वाणांत त्या एन्झाइमच्या जनुकातच बदल झालाय, त्यामुळे महिनाभर गोळ्या खाऊनही चकंदळं तशीच.

म्हणून आता तेलं. करंजेल तर कोकणात घरोघरी. शिवाय कुणी गवती चहाचं, कुणी लवंगेचं विचारतं. गवती चहातलं सिट्रल आणि लवंगेतलं युजेनॉल बुरशीच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतात, एका एन्झाइमवर विसंबत नाहीत. त्यामुळे औषधाला न जुमानणारी बुरशीही त्यांनी मरू शकते. पण ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. कातडीवरून हीच तेलं भराभर उडून जातात, आणि नुसतं लवंगेचं तेल जांघेत लावाल तर रात्रभर ठणाणा कराल.

माणसांवर नीट चाचणी झाली ती टी ट्री नावाच्या झाडाच्या तेलाची, ऑस्ट्रेलियात, पायाच्या चिखल्यांवर. २००२ साली ५० टक्के तेलाने ६४ टक्के लोकांची बुरशी गेली, तेल नसलेल्या नुसत्या द्रावाने ३१ टक्के. काहींची कातडी मात्र तेलानेच सुजली. आणि चिखल्या म्हणजे जांघेतला हट्टी नायटा नव्हे.

म्हणून माझं सांगणं असं: नायटा असेल तर आधी त्वचेचे डॉक्टर. बरा झाल्यावर करंजेल लावायचं तर लावा, पण बोटांच्या बेचक्या कोरड्या करून. टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा, चड्डी उन्हात किंवा इस्त्रीखाली वाळवलेली.

शिबं असेल तर मात्र कुठलंच खाद्यतेल नको, खोबरेलसुद्धा नाही. शिब्याची बुरशी, मॅलॅसेझिया, तेलातल्या स्निग्धाम्लांवरच जगते. प्रयोगशाळेत तिला वाढवायला ऑलिव्ह तेल घालतात.