दर दोन मिनिटांनी परवानगी मागणारा कॉम्प्युटर

इंदिरानगरमधून फोन आला तो प्रिंटरसाठी. "प्रिंटर चालत नाही, आणि कॉम्प्युटर सारखी परवानगी मागतोय," काकू म्हणाल्या. घरी गेल्यावर दुसरी तक्रारच मोठी निघाली. विंडोज ११ चालू झालं की स्क्रीन काळवंडायची आणि मधोमध चौकट यायची: या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? 'नो' दाबलं की दोनेक मिनिटांत पुन्हा तीच. काका इमानेइतबारे 'नो' दाबत होते. नात म्हणत होती, "आजोबा, एकदाचं यस दाबा ना!"

चौकटीचा पट्टा पिवळा होता. म्हणजे प्रोग्रामवर विंडोजला तपासता येईल अशी डिजिटल सही नाही. पब्लिशरच्या जागी 'अननोन'. फाइलच्या नावात 'प्रिंटर सेटअप' असं होतं, पण नावाला काडीची किंमत नाही, ते कोणीही काहीही ठेवतं. 'शो मोअर डिटेल्स' दाबल्यावर फाइलची जागा दिसली: काकांच्याच युजर फोल्डरमध्ये, ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये (प्रोग्राम स्वतःच्या सेटिंग्ज ठेवतात त्या लपलेल्या जागेत), अक्षरांची भेळ असलेल्या नावाचं एक फोल्डर. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, एकदा बसला की रोज सकाळी अशा कोपऱ्यातून परवानगी मागत बसत नाही. विचारल्यावर कळलं, ड्रायव्हर गूगलवर शोधला होता आणि सगळ्यात वरच्या जाहिरातीच्या लिंकवर क्लिक झालं होतं.

पिवळा पट्टा म्हणजे चोर आणि निळा म्हणजे साव, असं मात्र नाही. फॉन्ट किंवा टायपिंगची कितीतरी जुनी, साधी सॉफ्टवेअर सहीशिवायच येतात, आणि सही असलेला भामटाही असू शकतो. मी आधी एवढंच विचारतो: आत्ता तुम्ही स्वतः काही चालू केलं होतं का? नसेल, तर 'नो'.

चौकट पुन्हापुन्हा येते, कारण मागे एक छोटा प्रोग्राम आधीच चालू असतो. त्याला ॲडमिनचे, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये बदल करायचे हक्क नसतात, म्हणून तो मोठ्या भावासाठी दार ठोठावत राहतो, माणूस कंटाळून 'यस' दाबेपर्यंत.

आधी वायफाय बंद केलं. स्क्रीन काळवंडलेली असताना टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारी खिडकी) उघडत नाही, म्हणून 'नो' दाबून मधल्या वेळात कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये अनोळखी नोंद सापडली. तिच्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं, तर तेच फोल्डर. इथे क्रम महत्त्वाचा: आधी 'डिटेल्स'मध्ये जाऊन तो प्रोग्राम 'एंड टास्क' करायचा, मग स्टार्टअपची नोंद डिसेबल, शेवटी फोल्डर डिलीट. प्रोग्राम जिवंत असताना नोंद काढली तर तो ती परत लिहू शकतो. ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालू करणारा टास्क शेड्युलरही पाहिला, तिथे काही नव्हतं. मग विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि साधारण पंधरा मिनिटं जातात.

घरात कोणी चुकून 'यस' दाबलं होतं का, हेही बघायला हवं होतं. डिफेंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लूजन्स'ची यादी असते. हक्क मिळालेला मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, बरेचदा स्वतःचं फोल्डर तिथे टाकतो, म्हणजे ते तपासलंच जात नाही. यादी रिकामी होती. इन्स्टॉल्ड ॲप्स तारखेप्रमाणे लावून पाहिली, त्यातही नवं काही नव्हतं. तिथे काही सापडलं असतं तर डेटा बाजूला काढून विंडोज नव्याने टाकलं असतं, साफसफाईत वेळ घालवला नसता.

काका खूश झाले, "म्हणजे नो दाबलं म्हणून वाचलो!" अर्धंच खरं. विंडोजच्या फाइल्स आणि प्रोग्राम फाइल्स वाचल्या. पण तो छोटा प्रोग्राम काकांच्याच लॉगिनमध्ये चालत होता. काकांची कागदपत्रं, फोटो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड वाचायला त्याला कुठलीही परवानगी लागत नाही. म्हणून नेटबँकिंग आणि ईमेलचे पासवर्ड तिथेच बसून बदलायला लावले, तेही मोबाइलवरून. खात्यातून पैसे गेले असते तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० लावला असता. सुदैवाने ती वेळ आली नाही.

मग खात्याची व्यवस्था. काका आणि नात एकाच ॲडमिन खात्यावर होते, त्यामुळे नुसत्या 'यस'वर काम व्हायचं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथून नवं ॲडमिन खातं केलं, त्याला पासवर्ड दिला आणि त्यात एकदा लॉगिन करून पाहिलं. त्यानंतरच त्या खात्यातून काकांचं जुनं खातं 'स्टँडर्ड' केलं. फाइल्स जागच्या जागी राहतात, आणि आता चौकट थेट पासवर्ड मागते. ॲडमिन खातं बंद पडलेलं किंवा नसलेलं असेल तर चौकटीतलं 'यस' फिकं पडतं आणि दाबताच येत नाही. तसा फोनही मला अधूनमधून येतो.

ही चौकट कधी आणि कशी यावी हे ठरवणारी एक सरकपट्टी सेटिंगमध्ये असते. तीही कोणीतरी वरून तिसऱ्या पायरीवर, म्हणजे स्क्रीन न काळवंडणाऱ्या पायरीवर नेली असेल असं वाटलं होतं. ती मूळच्याच जागी होती. काळवंडलेल्या स्क्रीनवर दुसरा प्रोग्राम स्वतःहून 'यस' दाबू शकत नाही, म्हणून ती तशीच ठेवली.

शेवटी प्रिंटर. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला, निळा पट्टा आला, पब्लिशरमध्ये कंपनीचं नाव. काकूंनी ते मोठ्याने वाचलं आणि मग नव्या खात्याचा पासवर्ड टाकला. तो त्यांनी गॅसच्या पुस्तकात लिहून कपाटात ठेवला. नातीला सांगितलेला नाही.