तुम्ही विचारलंत म्हणून: नव्याने क्रोम का नाही केलं?

माझ्या हातून एखादी जुनी सायकल दुरुस्त होऊन उभी राहिली की आधी कौतुक होतं आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: "एवढी मेहनत घेतलीत, मग पार्ट नव्याने क्रोम का नाही करून घेतले?" विचारणारे स्वतः जुन्या सायकली बाळगणारे असतात, म्हणून प्राथमिक गोष्टी सांगत नाही. आजवर "मूळचं राहू द्यावं" एवढंच म्हणत आले. ते उत्तर अपुरं आहे.

हा आळस नाही, कंजूषपणाही नाही. क्रोम म्हणजे पोलादी पार्टवरचा चकचकीत मुलामा. त्याचा थर मायक्रॉनच्या अंशात मोजावा इतका पातळ असतो. गंजापासून खरं रक्षण त्याखालचा निकेलचा थर करतो. थरांतल्या बारीक छिद्रांतून गंज वर येतो आणि पसरतो. त्यामुळे तपकिरी डागाखाली बरंचसं क्रोम शाबूत असतं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात ठेवलं की डाग सुटतो, क्रोम राहतं. (ते विषारी आहे, हातमोजे घालाच. ॲल्युमिनियमचा पार्ट त्यात घालू नका.) मग सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच कोरडं करायचं आणि तेलाचा हात द्यायचा. उरतात ते काळे ठिपके. तुम्हाला खुपतात ते हेच.

नवं क्रोम म्हणजे जुने थर उतरवणं, आणि ठिपक्यांचे खड्डे जाईपर्यंत सहसा पोलादच बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घासणं. कंपनीचं नाव, तारीख, नंबर यांचे ठोकलेले शिक्के त्याच पोलादात असतात.

एक गृहस्थ मागचं चाक घेऊन आले होते. स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू, १९३६ पासून निघालेला तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा. त्याच्या कवचावर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. '५४ ७' म्हणजे जुलै १९५४. घरात वडिलांच्या दोन सायकली होऊन गेल्या होत्या, एक यांच्या जन्माआधीची, एक नंतरची. त्यातली एक विकली गेली. उरलेली कोणती, यावर भावाभावांत वाद होता. हब सांगेल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. पण आणण्याआधी त्यांनी सगळे आरे काढून हब दुसरीकडे क्रोम करून घेतला होता, वडिलांची वस्तू नीट दिसावी म्हणून. मी दिवा तिरपा धरला, भिंग लावलं, कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली. 'डब्ल्यू'चा एक पाय उमटला. आकड्यांच्या जागी गुळगुळीत, सुंदर चमक. "काहीच नाही?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मला वाटलं, चांगलंच करतोय," ते म्हणाले. त्यांचं काय चुकलं होतं? तरी मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे आजही कळलेलं नाही.

यावर कोणी म्हणेल, चाक नंतर बदललेलं असू शकतं, हबची तारीख म्हणजे सायकलची तारीख नव्हे. खरं आहे. पण तो पुरावा तोलून पाहायची संधी तरी उरायला हवी होती.

"मग छर्रे, ब्रेक रबर, कॉटर पिना नव्या कशा चालतात?" हाही टोमणा ऐकते. झिजलेले छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ते कप आणि कोन खातात, आणि ब्रेकशी तडजोड नाही. पूर्वीची मी कॉटर पिनसुद्धा, म्हणजे पेडलचा दांडा (क्रँक) घट्ट धरणारी खीळ, जुनीच हवी म्हणून भांडायची. तिला आज विचारावंसं वाटतं, उतारावर क्रँक ढिला झाला तर तुझं मूळपण काय कामाचं? ती गप्प बसणार नाही. म्हणेल, आज पिन, उद्या हँडल, मग सायकल कोणाची? या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

सायकल तुमची, निर्णय तुमचा. क्रोम करायचंच असेल तर आधी हबवरचे आकडे, क्रँकवरचे शिक्के, फ्रेमचा नंबर यांचे तिरप्या उजेडात फोटो काढा, आणि बफ करणाऱ्याला ती जागा दाखवून "इथे लावू नका" असं स्पष्ट सांगा.

माझ्याकडे सध्या एक हँडल आहे. त्याचं निकेलच सोलून निघालंय, ॲसिडने वाचण्यासारखं काही राहिलेलं नाही, मेण लावूनही दमट हवेत गंज परत येतो. त्यावर एकही शिक्का नाही, म्हणजे माझा मुख्य मुद्दा तिथे लागूच होत नाही. तरीही ते क्रोमला द्यायला हात धजत नाही.