बोगद्यात मागून काही येत नाही

पहिल्या बोगद्याच्या तोंडाशी बाबा सायकलवरून उतरले. मान जराशी कलती करून त्यांनी कानोसा घेतला, एकदा मागे वळून पाहिलं, आणि सायकल हातात धरून भिंतीला लागून चालायला सुरुवात केली.

"बाबा, इथे गाडी येत नाही."

"माहितेय गं," ते म्हणाले. भिंत मात्र सोडली नाही.

कर्जत ते लोणावळा, बोरघाटात, त्यांची ३१ वर्षं गेली. आधी रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये, मग की-मन, शेवटी मुकादम. पावसाळ्यात रात्रीच्या गस्तीला हातबत्ती घेऊन निघायचे. दरड आली का, गिट्टी वाहून गेली का, हे बघत एकेक बोगदा पायी ओलांडायचा, आणि सगळा वेळ कान गाडीकडे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी कान तसेच आहेत. मी दोन वर्षं माद्रिदला नोकरी करतेय. आई-बाबा पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा राजवाडे, चर्च सगळं दाखवलं, पण बाबांना खरं दाखवायचं होतं ते हे: व्हिया वेर्दे दे ला सिएरा. डोंगरातली हिरवी वाट.

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा अशी ही ३६ किलोमीटरची वाट. ३० बोगदे, ४ मोठे पूल, आणि मोटार एकही नाही. खेरेस आणि आल्मार्खेन ही गावं रेल्वेने जोडायची, अशी योजना १९२० च्या दशकात, प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीत आखली गेली. डोंगर फोडले, बोगदे खणले, स्टेशनं बांधली. मग पैशांची ओढाताण सुरू झाली, पाठोपाठ १९३६ चं यादवी युद्ध आलं आणि काम रखडलं ते रखडलंच. या डोंगरातून आगगाडी कधी धावलीच नाही.

हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. "खणणारे किती असतील," एवढंच म्हणाले.

स्पेनमध्ये १९९३ पासून अशा बंद पडलेल्या किंवा अर्धवट राहिलेल्या रेल्वेमार्गांच्या सायकलवाटा करण्याचं काम चालू आहे. स्पॅनिश रेल्वे फाउंडेशन ते बघतं, आणि आता देशभर अशा वाटा ३,००० किलोमीटरच्या वर गेल्या आहेत. खाएन आणि कोर्दोबा प्रांतांत ऑलिव्हच्या बागांमधून जाणारी १२८ किलोमीटरची तेलवाट त्यातलीच. तेल वाहणाऱ्या गाड्यांचा तो मार्ग १९८५ ला बंद झाला. तिथले लोखंडी पूल बाबांना दाखवायचेत, पण ते पुढच्या खेपेला. आपल्याकडच्या, विदर्भातल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचा विषय मी काढला तेव्हा बाबा म्हणाले, "वाट करायला हरकत नाही, पण आधी गाडी खरंच परत येणार नाही ना, हे बघायला हवं. लोकांना गाडी हवी असेल तर रूळ उखडू नयेत." मला ते पटलं. इथे हा प्रश्नच नव्हता, कारण काढून घेण्यासारखं काही लोकांना मिळालंच नव्हतं.

बहुतेक लोक ओल्वेराहून सुरुवात करतात, कारण तिकडून उतार आहे. बाबांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, आधी चढ, मग उतार. म्हणून पहिल्या दिवशी पुएर्तो सेर्रानोहून वर जायचं, ओल्वेराला मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. आई आमच्या पिशव्या घेऊन माझ्या मैत्रिणीच्या गाडीतून थेट ओल्वेराला गेली. सायकली भाड्याने मिळतात. माझ्या सायकलचा मागचा ब्रेक घासत होता आणि तो नीट करून घेण्यात सकाळचा पाऊण तास गेला. घेण्याआधी चाक उचलून, फिरवून बघा, एवढं सांगते.

बाबा कर्जतला आयुष्यभर ड्यूटीवर सायकलनेच गेले, त्यामुळे ६६ व्या वर्षीही त्यांच्या पायांची मला काळजी नव्हती. आणि चढ म्हणावा असा चढ नाहीच. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून इंजिनिअर डोंगराला वळसे घालत, लागेल तिथे बोगदा काढत वाट सपाट ठेवतात. त्या कष्टांचं फळ आता सायकलवाल्यांना मिळतंय. "आपल्या घाटात ३७ फुटांना एक फूट चढ," बाबा सांगत होते. "मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय गाडी वर जात नाही. इथे एका इंजिनाने भागलं असतं."

मार्चचा शेवट होता. दोन्ही बाजूंना ऑलिव्ह, गव्हाची हिरवी शेतं, बांधावर खसखशीची लाल फुलं उमलायला लागलेली. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टला येऊ नका. वाट आधी ग्वादालेते नदीजवळून आणि मग तिला मिळणाऱ्या ग्वादालपोर्कुनच्या खोऱ्यातून जाते. नावातलं 'ग्वाद' म्हणजे अरबी 'वादी', नदीचं खोरं. शेकडो वर्षांच्या मुस्लिम राजवटीने नद्यांना दिलेली नावं तशीच राहिली आहेत.

कोरीपेच्या जुन्या स्टेशनात खाण्याची सोय आहे. भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि वरून ऑलिव्हचं तेल. बाबांनी तेल पावावर हात सैल सोडून ओतलं, आपण गरम भातावर तूप घेतो तसं, आणि दोनदा मागून घेतलं. जवळच एक प्रचंड जुना ओक आहे, कोरीपेकर त्याला 'चापार्रो' म्हणतात, आणि २००१ पासून तो संरक्षित नैसर्गिक वारसा आहे. त्याच्या सावलीत अख्खा गाव बसेल. बाबा बुंध्याला हात लावून आले.

पुण्यात मी रविवारी सायकल चालवायचे तेव्हा अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं पाठीमागे असायचं. ट्रक किती लांब आहे, हॉर्न आपल्यासाठी आहे का. ते ओझं होतं हे मला या वाटेवर दहाएक किलोमीटर झाल्यावर कळलं. खांदे आपोआप खाली आले. मग चाकाखालची बारीक खडी ऐकू यायला लागली, खोऱ्यातल्या बकऱ्यांच्या घंटा, पुलाखालचं पाणी. समोरून येणारे चालणारे लोक "बुएनोस दियास" म्हणतात, त्यांचे शब्द लांबून स्पष्ट येतात.

आणि त्यामुळेच गिधाडं आधी ऐकली, मग पाहिली.

साफ्रामागोनचा सुळका वाटेवरून समोर उभा राहतो. उघडा, करड्या कातळाचा, कड्यांवर पांढरे ओघळ. ग्रिफॉन गिधाडांची ही स्पेनच्या दक्षिणेतली मोठी वसाहत. तिथलं जुनं स्टेशन आता गिधाडांचं माहितीकेंद्र झालं आहे. आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो. डोक्यावरून जाड चादर झटकल्यासारखा आवाज गेला. वर पाहिलं तर एक गिधाड इतकं खाली होतं की पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी वेगवेगळी दिसत होती. अडीच मीटरचा पसारा. मग दुसरं, तिसरं. मी एकोणीस मोजली आणि सोडून दिलं.

बाबा खाली दगडावर बसले. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलावर अशीच उतरायची. "शेवटचं कधी पाहिलं, ते आठवतच नाही," ते म्हणाले. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. आपल्याकडे गुरांसाठी त्यावर २००६ ला बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आणि हे सगळं जगाला माहीत झाल्यावर, २०१३ मध्ये, स्पेनने तेच औषध गुरांसाठी मंजूर केलं. पक्षी वाचवणाऱ्यांनी इथे कडाडून विरोध केला आहे. त्या कड्याकडे बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली. आपल्याकडचं आभाळ मी पाहिलेलं आहे.

पुढचे बोगदे एकामागून एक. सगळ्यात लांबचा जवळपास एक किलोमीटरचा आहे. लांब बोगद्यांत दिवे आहेत, तरी टॉर्च हवाच, आणि अंगावर जाकीट, कारण आत एकदम थंडी भरते. बाबा प्रत्येक बोगद्यात भिंतीकडेनेच चालवत होते. संध्याकाळी ओल्वेरा दिसलं: टेकडीवर पांढरी घरं, माथ्यावर किल्ला आणि दोन मनोऱ्यांचं चर्च. स्टेशनाशी आई हात हलवत उभी होती.

दुसऱ्या दिवशी उतार. पायडल मारायचीही फारशी गरज नव्हती. बाबा माझ्या पुढे होते. पहिले सहा-सात बोगदे भिंतीकडेनेच गेले. साफ्रामागोन मागे पडल्यावर एका लांब बोगद्यात शिरताना मी पाहिलं, ते वाटेच्या बरोबर मधून चालले होते. अंधारात त्यांच्या मागच्या दिव्याचा लाल ठिपका एका रेषेत, न हलता पुढे जात होता. मध्येच त्यांनी सायकलची घंटी वाजवली, दोनदा, आणि आवाज भिंतींवरून परत येईपर्यंत थांबून तिसऱ्यांदा वाजवली.